‘गुडघेटेकू भक्तां’वर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक खानापूरकर’ यांस,

पवित्र साक्रामेंताच्या आराधनेवरच्या, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर झालेल्या भाकरीसमोर बसून करायच्या प्रार्थनेवरच्या, माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “तासभर बसून राहणाऱ्या गुडघेटेकू भक्तांना चर्चच्या दारातला गरीब दिसत नाही. आपल्या धर्मप्रांताला आराधना नको, काम हवं.” मतभेदाचं मला वावडं नाही. पण ही भाषा? सकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्या बाया आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे इथल्या चर्चच्या मंडळीत, आहेत. त्यांच्या तोंडावर हे बोलाल का?

एक मान्य करतो. गुरुवारी संध्याकाळी सहाची आराधना बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला असणाऱ्यांना जमत नाही. वेळ बदलायला हवी.

पण ‘दिसत नाही’ हे कशाच्या जोरावर लिहिलंत? बिशपांच्या परवानगीने मी पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे कम्युनियन (तीच पवित्र भाकर) घेऊन जातो. मिस्सा संपली की फादर डबीत ख्रिस्तशरीर ठेवून देतात. ती गळ्यातल्या पिशवीत, वरून रेनकोट, आणि वाटेत कुणाशी गप्पा नाहीत. खानापूरकडच्या पावसात चिखलातून जाताना एक हात आपसूक छातीवर जातो. एका घरी आजींना गिळता येत नाही. त्यांना नखाएवढा तुकडा नि चमचाभर पाणी द्यायचं, मग घशाकडे बघत थांबायचं. असाच थांबलो असताना शेजारणीकडून कळलं की आजींची संध्या सुरक्षा (कर्नाटक सरकारची वृद्धांसाठीची) पेन्शन बंद झालीय. अर्ज कन्नडमध्ये, घरात सगळे मराठी बोलणारे. तो अर्ज आमच्याच गुरुवारच्या मंडळींपैकी एकीने भरला, शिक्का मिळेपर्यंत खेटे घातले. आराधना नसती तर मी त्या दारात गेलोच नसतो. हे काम नव्हे तर काय आहे?

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्याकडे असंच कम्युनियन यायचं. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, आणि सिस्टर गेल्यावर दिवसभर तिचा चेहरा वेगळाच. त्या घरात वाढलेल्या माणसाला गरिबी शिकवू नका.

दारातला गरीब हा शोध आपण लावलेला नाही. ख्रिस्ताचं शरीर चर्चमध्ये रेशमाने सजवून बाहेर त्याला थंडीत उघडं सोडू नका, असं संत जॉन क्रिसोस्टम यांनी चौथ्या शतकातच बजावलंय. पण वेदी सोडा असं ते म्हणाले नाहीत. दानधर्म आधी करा आणि हेही करा, असं म्हणाले. उपाशी भावाला बाजूला सारून प्रभुभोजन करणाऱ्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना संत पौलानेही झापलं. भोजन बंद करा असं नाही सांगितलं. कोलकात्याच्या रस्त्यावरून मरणाऱ्यांना उचलणाऱ्या मदर तेरेसा यांच्या सिस्टरांनी 1973 पासून रोज तासभर आराधना सुरू केली. त्यांनाही गुडघेटेकू म्हणणार?

मिस्सा मराठीत की कोंकणीत की कन्नडमध्ये, फादरांच्या बदल्या, फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी हे आपले बाकीचे मुद्दे इथले नाहीत. ते पॅरिश कौन्सिलमध्ये मांडा, यायची तसदी घेत असाल तर. आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहा.