पुरावा साजूक तुपातला

आमच्या घरात माणसं तीन आणि आठवड्याच्या सुट्ट्यांच्या पद्धतीही तीन. चिरंजीवांची शाळा शारजात, त्यामुळे त्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सणसणीत सुट्टी. माझं ऑफिस दुबईत, म्हणून मला शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. हा अर्धा दिवस नेमका कुठे संपतो ते साहेबांच्या मर्जीवर. बायको क्लिनिकमध्ये, तिची सुट्टी रोस्टर ठरवतं आणि रोस्टरला बहुतेक मंगळवार आवडतो. 2022 च्या जानेवारीत अमिरातीने शुक्रवार-शनिवारची सुट्टी हलवून शनिवार-रविवार केली, शारजाने त्यावर कडी करत तीन दिवस देऊन टाकले, आणि आमच्या संसाराचं टाइमटेबल जे विस्कटलं ते आजतागायत. तिघंही एका वेळी घरात दिसलो तर शेजारी विचारतात, कोणी आजारी आहे का?

सणांचं त्याहून अवघड. ईदची सुट्टी पक्की असते, तारीख पक्की नसते. दिवाळीची तारीख पक्की असते, सुट्टी नसते. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी अख्खा देश आकाशाकडे बघतो आणि आम्ही मोबाइलकडे. 2025 ची छोटी ईद रविवारी आली, हे आम्हाला शनिवारी संध्याकाळी कळलं. तोवर गावी जाणाऱ्यांनी विमानाची तिकिटं काढलेली असतात ती निव्वळ अंदाजावर. चंद्राने एक दिवस दांडी मारली की रजा एक दिवस सरकते, तिकीट मात्र जागचं हलत नाही.

या बाबतीत मी ऑफिसात फार मिजास मिरवायचो. आमचे साहेब इजिप्तचे. त्यांना मी सांगितलं होतं की सर, आमच्या पंचांगात पुढच्या दहा वर्षांच्या दिवाळ्या आजच सांगता येतात, मिनिटासकट. मग 2025 चा ऑक्टोबर उजाडला आणि साहेबांच्या टेबलावर दिवाळीच्या रजेचे अर्ज जमू लागले. दिल्लीवाल्याने सोमवार मागितला होता, कारण त्याचं लक्ष्मीपूजन वीस तारखेला. मी मंगळवार, कारण आमचं एकवीसला. अहमदाबादच्या बाईंनी बुधवार, कारण त्यांचं नवं वर्ष. चेन्नईच्या गृहस्थांना सोमवारची फक्त सकाळ हवी होती. त्यांची दिवाळी आंघोळ आणि इडलीपाशी आटोपते. केरळच्या मंडळींनी रजा मागितली नाही, कारण त्यांचा मोठा सण ओणम. पण फराळ नेमका कुठल्या दिवशी येणार एवढी चौकशी मात्र आवर्जून केली.

साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"म्हणजे तुम्हालाही चंद्र लागतो."

"नाही सर. आमच्यात तो नसावा लागतो. अमावास्या."

"मग नसलेला चंद्र बघायला दोन दिवस कशाला?"

यावर धर्मसिंधूपासून प्रदोषकाळापर्यंत बरंच काही सांगण्यासारखं होतं, पण त्याने रजा मिळाली नसती. तशीही मिळाली नाही. दिल्लीवाल्याचा अर्ज वर होता.

आणि याच वर्षी सासूबाई दिवाळीला येत होत्या.

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला व्हिसाच्या आधी जी गोष्ट शिकवली जाते ती म्हणजे खसखस आणायची नाही. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. ती अफूच्या बोंडातून येते, त्यामुळे आपल्याकडे वाण्याच्या दुकानात जिऱ्याशेजारी ठेवलेली बरणी इथे अमली पदार्थांच्या पंगतीला बसते. विड्याची पानंही चालत नाहीत. पण पानांवाचून पूजा निभते. कराडच्या सुगरणीचे अनारसे खसखशीवाचून निभत नाहीत. म्हणून मी महिनाभर आधीपासून फोनवर प्रबोधन चालवलं होतं.

"आई, खसखस आणायची नाही हं."

"चिमूटभर. पुडीत."

"चिमूटही नाही. इथे तुरुंगात टाकतात."

"अहो, अनारशाला लागतेच."

"आपण तीळ लावू."

पलीकडे शांतता पसरली. मग थंड आवाजात उत्तर आलं, "तीळ संक्रांतीला लावतात, जावईबापू."

त्या मला एरवी नावाने हाक मारतात. जावईबापू म्हणाल्या की समजायचं, प्रकरण चिघळलं.

त्या आल्या त्या व्हीलचेअरवर बसून. कराडला रोज सकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन येणाऱ्या आणि परतताना भाजीची पिशवी उचलून आणणाऱ्या सासूबाई विमानतळावर मात्र व्हीलचेअरशिवाय पाऊल टाकत नाहीत. रांग लागत नाही, आणि ढकलणारा मुलगा सामानही काढून देतो, हे त्यांना त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणींनी सांगितलंय. गाडीत बसताच मी पहिला प्रश्न विचारला. त्यांनी गळ्याला चिमटा लावून सांगितलं, "देवाशप्पथ, एक पुडी नाही."

घरी बॅगा उघडल्या. मेतकूट निघालं, थालीपिठाची भाजणी निघाली, कुरडया निघाल्या, नातवासाठी स्वेटर निघाला, तोही शारजात. तळाशी अनारशाच्या पिठाचा गोळा होता आणि त्याखाली, जुन्या साडीच्या काठाने बांधलेला एक स्टीलचा डबा. मी झाकण काढलं. आत एकावर एक रचलेले अनारसे. जाळी अशी पडलेली की बघत राहावं. आणि प्रत्येकाच्या अंगावर खसखस, काठोकाठ, एक दाणा इकडेतिकडे नाही.

"आई, हे काय?"

"अनारसे. वाटेत मोडले नाहीत ना?"

"त्यांच्यावर काय आहे?"

"खसखस. मोहरी लावतात का?"

"तुम्ही शपथ घेतलीत, आणली नाही म्हणून!"

"मग? खसखस कुठे आणली? अनारसे आणलेत."

मी आधी पडदे ओढले. चौदाव्या मजल्यावर खिडकीतून कोण बघणार, हे बायकोचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं. डबा कचऱ्याच्या शूटमध्ये टाकायचा माझा प्रस्ताव सासूबाईंनी फेटाळला. लक्ष्मीच्या नैवेद्याचं कचऱ्यात जाणार नाही, हवं तर मला परत पाठवा. खाऊन टाकू म्हटलं, तर क्लिनिकवाल्या बायकोने शांतपणे माहिती पुरवली की खसखस खाल्ली तर पुढचे एक-दोन दिवस लघवीच्या तपासणीत दिसू शकते. म्हणजे आत्तापर्यंत पुरावा डब्यात होता, तो माझ्यात आला असता.

शेवटी ठरलं, खसखस खरवडायची.

ज्यांनी चांगला तळलेला अनारसा खरवडलेला नाही त्यांना सांगतो, ती खसखस सुटत नाही. ती पिठात आणि तुपात घट्ट बसलेली असते. सुरीचं टोक लावलं की आधी अनारसा मोडतो आणि मग दाणे उडतात. हे दाणे खाली पडत नाहीत, उडतात. एक ओट्याच्या फटीत गेला, काही गॅसच्या बर्नरखाली, बरेचसे फ्रिजखाली, एक माझ्या चष्म्यावर चिकटला तो मी बराच वेळ जमिनीवर शोधत होतो. घरात एक डबाभर असलेला गुन्हा आम्ही अर्ध्या तासात स्वयंपाकघरभर केला. मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, आणि तो बंद केल्यावर लक्षात आलं की आता व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात जे आहे ते... बायकोने पुढचं वाक्य पुरं करू दिलं नाही. ती पिशवी सिंकमध्ये धुतली. अनारशांचा जो चुरा उरला होता तो सासूबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत वाटीत घेतला, त्यावर दूध ओतलं आणि चमच्याने खाल्ला. "माझी तपासणी कोण करतंय," म्हणाल्या. पोलिसांनी त्यांची केलीच, तर मला पोलिसांची काळजी वाटली असती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, वसुबारस. दुपारी ऑफिसातून येतो तर घरात चकल्या. इथल्या इमारतींच्या स्वयंपाकघराला खिडकी असते, पण ती उघडावी अशी कोणाची अपेक्षा नसते. वर धुराचं यंत्र. तेल जरा तापलं आणि ते यंत्र बोंबलायला लागलं. मजल्यावर लाल दिवे, कानठळ्या बसवणारी घंटा, आणि जिन्यात एकही माणूस नाही. इथे टॉवरमध्ये राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की अलार्म म्हणजे कोणाकडे तरी काहीतरी तळतंय. मी मात्र आदल्या रात्रीपासून निराळ्याच मनःस्थितीत होतो. दारावरची बेल वाजली तेव्हा मी सरळ मनगटं पुढे करूनच दार उघडणार होतो.

बाहेर वॉचमन होता. पेशावरकडचा पठाण, सहा फुटांच्या वर, इमारतीत सर्वांत जुना.

"भाईजान, चकली?"

त्याचं नाक म्हणजे या इमारतीचं पंचांग आहे. नारळाच्या तेलात केळ्याचे वेफर म्हणजे ओणम, कोळशाचा धूर म्हणजे बकरी ईद, कढीपत्ता आणि चिवडा म्हणजे दिवाळी. अलार्म बंद करून झाल्यावर तो ज्या दारात उभा राहतो तिथून तो रिकाम्या हाताने जात नाही, आणि जाऊही नये. सासूबाईंनी त्याच्यासाठी ताटली भरली. तो ओट्याशी टेकून उभा राहिला, चकली मोडली, मान डोलावली. मग त्याचं लक्ष ओट्याच्या कडेला गेलं. त्याने वाकून बोटाचं टोक टेकवलं आणि ते बोट उजेडात धरलं.

"खशखाश?"

मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. बायको कढईत बघत राहिली.

"हमारे यहाँ इसका हलवा बनता है," तो म्हणाला. त्याने तो दाणा जिभेवर ठेवला आणि जरा आशेने विचारलं, "बस, एक ही है?"

"एकच," सासूबाई मराठीत म्हणाल्या, "बाकीची जावईबापूंनी सांडली."

तो हसून गेला. मी त्या रात्री पुन्हा फरशी पुसली.

तिळाचे अनारसे शनिवारी झाले. पीठ बहुधा विमानात बिनसलं असावं, कारण पहिला घाणा तुपात सोडताच अनारसे हसले. विरघळून कढईभर पसरले. सासूबाई हसल्या नाहीत. पिठात थोडं आणखी तांदळाचं पीठ मिसळून पुढचे नीट उतरले, रंगही बरा आला. चव कशी, असं मी विचारलं. "तिळासारखी," एवढंच उत्तर मिळालं.

नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे करावं असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे त्याला टोलनाक्याचाही दुजोरा आहे. दुबईचा सालिक टोल 2025 पासून गर्दीच्या वेळी चार दिरहमचा सहा झाला, पण रात्री एक ते सकाळी सहा फुकट. शिवाय सहाच्या आत अल इत्तिहाद रोडला लागलं नाही तर शारजा ते दुबई हा एवढासा पल्ला तासाच्या खाली संपत नाही. म्हणून सोमवारी चार वाजता पाटावर बसलो. बंब नको, गीझर नको. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ऑक्टोबरातही कोमट येतं. उन्हाळ्यात तर गार पाण्याच्या तोटीला इतकं कढत येतं की गीझर बंद ठेवून त्यातलंच पाणी गार म्हणून वापरायचं. उटणं लागलं, ओवाळणं झालं. फटाके इथे परवान्याशिवाय उडवता येत नाहीत, तेव्हा चिरंजीवांनी मोबाइलवर लवंगी माळेचा आवाज लावला, तोही कमी करून, कारण पलीकडे सीरियन कुटुंबाचं तान्हं बाळ आहे. सहाला दहा मिनिटं कमी असताना मी टोलनाका ओलांडला. अंगाला उटण्याचा वास, खिशात वाचलेले सहा दिरहम. नरकासुराच्या वधाचा इतका तत्काळ लाभ कराडात कोणाला झाला नसेल.

मंगळवारी लक्ष्मीपूजन. पंचांगाप्रमाणे अमावास्या भारतात संध्याकाळी 5:54 ला संपत होती. आमची घड्याळं दीड तास मागे, म्हणजे इथे 4:24. त्या वेळी दुबईत रणरणतं ऊन आणि मी मीटिंगमध्ये. बायकोला रोस्टरने आपलं नेहमीचं मंगळवारचं दान दिलेलं, त्यामुळे घरी ती होती, सासूबाई होत्या, लक्ष्मी होती. नव्हतो तो मीच. मी मेसेज करून सुचवलं की सूर्यास्तानंतर करू, मी सातपर्यंत येतो. सासूबाईंचा उलट निरोप आला: लक्ष्मी वेळेवर येते, तिला अल इत्तिहाद रोड लागत नाही. चार वाजता व्हिडिओ कॉल आला. मी टेबलाखाली फोन धरून हात जोडले. साहेब पलीकडून बघत होते.

"झाला का तुमचा चंद्र गायब?"

"होतोय, सर."

मंडळाची दिवाळी पहाट पुढच्या वीकएंडला, संध्याकाळी साडेसहाला झाली, कारण हॉल तेव्हाच मोकळा होता. भूपाळी छान झाली. सासूबाईंनी उठून दादही दिली, आणि शेजारच्या बाईंकडून त्या खसखस कुठे मिळते याची चौकशी करत होत्या, तेवढ्यात मी त्यांना बटाटेवड्याकडे वळवलं.

त्या परत निघाल्या तेव्हा विमानतळावर व्हीलचेअर आधीच उभी होती. बसता बसता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गणपतीला येईन म्हणते. उकडीचे मोदक करू. सारणात खसखस भाजून घालावी लागते, तेव्हा काय करायचं ते तुम्ही आत्तापासून बघून ठेवा, जावईबापू. तीळ नकोत."