पट्टे बांधा, प्लेटा सोडून जा

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलणं, सुरू करताय? मग आधी स्ट्रॅप घ्या, म्हणजे मनगट बारला बांधायचे पट्टे. पाठ सरळ कशी ठेवायची ते सावकाश शिकता येईल. तळहात मऊ राहिले पाहिजेत, नाहीतर घट्ट्यांनी मोबाइलच्या काचेवर ओरखडे उठतात.

वॉर्मअपलाही बांधा. रिकाम्या बारलाही बांधा. बार 20 किलोचा, म्हणजे घरी येतो त्या पाण्याच्या जारएवढा. लिफ्ट बंद असताना तो जार खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर येणारा पोरगा कुठले स्ट्रॅप वापरतो, असलं काही विचारत बसू नका.

चॉक, म्हणजे हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड, मागू नका. जिममध्ये चालत नाही, फरशी पांढरी होते. जुलैतल्या ठाण्यात घामाचे हात पुसायला टॉवेल आहेच, तोही ओलाच.

हूक ग्रिपचं तर नाव काढू नका. अंगठा आत, बोटं त्याच्यावर; पहिले काही आठवडे अंगठा नको नको म्हणतो. मिक्स्ड ग्रिपमध्ये एक हात पालथा, एक उताणा, त्यामुळे बार बोटांतून घरंगळत नाही. पण उताण्या हाताचा बायसेप फाटू शकतो. हे खरं आहे, म्हणून एवढंच पाठ करा आणि 50 किलो उचलणाऱ्या प्रत्येकाला ऐकवा.

फार्मर्स वॉक, म्हणजे दोन्ही हातांत वजनं धरून चालणं, करू नका. चालायला जागा आहे कुठे?

बारला नुसतं लटकूनही पकड वाढते, पण त्या बारवर कुणाचे तरी टॉवेल वाळत असतात. आणि सकाळच्या गर्दीत वरचं हँडल धरून ठाणे ते सीएसएमटी उभी राहिलेली मंडळी जिममध्ये असतील, तर त्यांच्याशी हात मिळवू नका. बोटं दुखतील.

कोणी टोकलंच तर ताकदीच्या स्पर्धा जिंकणाऱ्या एडी हॉलचं नाव फेका. 2016 मध्ये 500 किलोची डेडलिफ्ट, स्ट्रॅप लावून. मग ब्योर्नसनचं, 2020 मध्ये 501, तेही स्ट्रॅप लावून. तुमच्या बारवर 60 आहेत, म्हणजे उरले फक्त 441. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत असं कुणी म्हणालं, तर 'काका, तुम्ही कुठल्या स्पर्धेत उतरताय?' असं विचारा. मला विचारलं. परवाच.

आता मुख्य सूचना. बांधायला भरपूर वेळ घ्या, आणि संध्याकाळी सातचीच वेळ गाठा. घोडबंदरचं ट्रॅफिक सोसून, पार्किंगसाठी दोन फेऱ्या मारून एखादा माणूस आलेला असतो आणि जिममध्ये धड खरखरीत असा एकच बार असतो. तो धरा. फोन बाटलीला टेकवून उभा करा. डावा पट्टा गुंडाळा. उजवा गुंडाळताना डावा सुटेल, मग तो दातांनी ओढा. हो, दातांनी, ज्या पट्ट्यात चार महिन्यांचा घाम मुरलाय तोच पट्टा. फोन आडवा पडेल, तो उचलायला दोन्ही पट्टे सोडा. पुन्हा डावा. हे सगळं 60 किलोसाठी. मी मध्ये लेग प्रेस आटोपून आलो, तरी डावाच चालला होता! मग एकदम 140 चढवा, म्हणजे दोन्ही बाजूंना 20 च्या तीन-तीन प्लेटा. बार गुडघ्यापर्यंत आणा, पाठीची कमान करा, सोडा, धाडकन. व्हिडिओ बघा. निघा.

'प्लेटा?' असं कोणी विचारलं तर मनगटावरचे लाल वळ दाखवा. 'काका, हात गेलेत हो माझे.'

हात कसले गेले रे? हातांनी केलं काय तू? सगळा भार पट्ट्यांनी पेलला. आणि त्या हातात गाडीची किल्ली होती, शेकची बाटली होती, फोन होता, ते बरं सुटलं नाही! सहा प्लेटा मी काढल्या. आतल्या प्लेटेखाली सव्वा किलोची चकती सरकवायची, मग बाहेरच्या सुटतात, एवढंही तुला कुणी शिकवलेलं नाही. 120 किलो वाहून झाल्यावर माझ्या डेडलिफ्टला बोटांत काय उरणार होतं?

पट्टे मीही वापरतो. शेवटच्या जड सेटला, पाठीत अजून दम असतो आणि बोटं उघडायला लागतात तेव्हा. त्याच्यासाठीच असतात ते. पण 60 हातांनी उचल, 80 हातांनी उचल, जिथे बार निसटायला लागेल तिथे बांध. सेट संपला की बार धरून दहा-पंधरा सेकंद नुसता उभा राहा. दोन-तीन महिन्यांत फरक तुझा तुलाच कळेल.

आणि उद्या सातला मी तिथेच आहे. जाताना प्लेटा काढून जायच्या. पट्टे न बांधता.