बंगालचा गव्हर्नर आणि तळघरातलं पिंप

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी परवा वूस्टरशायर सॉसवर, म्हणजे थेंबाथेंबाने घ्यायच्या त्या काळपट, आंबट-खारट सॉसवर, एक फॉरवर्ड टाकला. वर नारिंगी लेबलाच्या बाटलीचा फोटो, खाली तिरंगा. मजकूर थोडक्यात असा: बंगालचा गव्हर्नर लॉर्ड मार्कस सँडीस १८३५ साली मायदेशी परतला, तो एक भारतीय कृती घेऊन. इंग्लंडातल्या वूस्टर गावातल्या ली आणि पेरिन्स या दोघा औषधविक्यांकडून त्याने ती करवून घेतली. चव इतकी भयंकर लागली की पिंप तळघरात टाकून दिलं. दोनेक वर्षांनी आवराआवर करताना ते हाती लागलं, चाखून बघितलं तर अमृत! शेवटी निष्कर्ष: ‘म्हणजे वूस्टरशायर सॉस मुळात आपलाच, शंभर टक्के शाकाहारी. इंग्रजांनी चोरून स्वतःच्या नावावर केला. खोटं वाटत असेल तर त्यांची जुनी लेबलं बघा.’

जुन्या जाहिराती बघायचा मला नादच आहे, त्यामुळे हे आव्हान आयतं चालून आलं. एकेक मुद्दा घेऊ.

आधी हे गव्हर्नरसाहेब. बंगालच्या कारभाऱ्यांची यादी काही गुपित नाही. क्लाइव्ह, हेस्टिंग्ज, कॉर्नवॉलिसपासून खाली या. ज्या काळातली ही गोष्ट आहे त्या काळात कलकत्त्याला आधी बेंटिंक, मग वर्षभर मेटकाफ आणि १८३६ पासून ऑकलंड. सँडीस नावाचा कुणी त्या यादीत नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. (उच्चार ‘सँड्स’ असा आहे, पण ते सोडा. वूस्टरला ‘वॉर्सेस्टर’ म्हणणारे आपण, आपल्याला कोण बोलणार!)

खरी गंमत पुढे आहे. सँड्स ही उमरावकी खरीच होती आणि वूस्टरजवळचं ऑम्बर्स्ली कोर्ट हे त्या घराण्याचं घर. पण १८०२ साली ती उमरावकी नव्याने दिली गेली ती एका बाईला, डाउनशायरच्या विधवा मार्शनेस (बड्या उमरावाची पत्नी) मेरी यांना. त्या वारल्या १८३६ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे १८३५ साली ‘लॉर्ड’ सँड्स नावाचा माणूसच नव्हता, लेडी होत्या. त्यांच्यामागे किताब गेला मुलाकडे, आर्थरकडे. हा गडी लष्करातला, वॉटर्लूच्या लढाईत वेलिंग्टनच्या दिमतीला होता. बंगालचा कारभार त्याच्या वाट्याला कधी आला नाही. आणि फॉरवर्डमधला मार्कस? तो आर्थरचा धाकटा भाऊ. तो खासदार होता, राणीच्या दरबारात मानाच्या जागांवर होता, आणि लॉर्ड सँड्स झाला १८६० साली. तोवर सॉस बाजारात येऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती.

आता ते ‘पुराव्याचं’ लेबल. जुन्या लेबलांवर कृतीबद्दल एक ओळ असायची खरी. तिचा अर्थ एवढाच: ‘या परगण्यातल्या एका उमरावाच्या कृतीवरून’. परगणा म्हणजे वूस्टरशायर. त्यात बंगाल नाही, भारत नाही, गव्हर्नर नाही, उमरावाचं नावसुद्धा नाही. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ६८ नंबरच्या दुकानातल्या दोघा औषधविक्यांना एका उमरावाचं वजन हवं होतं, ते त्यांनी लावून घेतलं. आपल्याकडे मसाल्याच्या पुड्यांवर ‘राजघराण्याची पारंपरिक कृती’ छापतात, त्यातलाच प्रकार. कोणतं राजघराणं, हे विचारायचं नसतं.

बंगाल आलं ते मागाहून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात ही गोष्ट छापली जात होती, तेव्हा तिचं रूप अगदी निराळं होतं. ऑम्बर्स्ली कोर्टात आलेल्या एका पाहुणीला लेडी सँड्स म्हणतात, चांगली करी पावडर कुठे मिळत नाही. पाहुणी, मिसेस ग्रे, सांगते की माझ्या काकांनी, सर चार्ल्स ग्रे यांनी हिंदुस्थानातून आणलेली कृती माझ्याकडे आहे. ती कृती वूस्टरच्या औषधविक्यांकडे जाते, ते भुकटी करून देतात आणि नंतर कुणाच्या तरी डोक्यात येतं की हीच भुकटी पातळ केली तर सॉस होईल. सर चार्ल्स ग्रे हे कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश होते, ही नोंद खरी आहे. पण बघा, इथे गव्हर्नर नाही, पिंप नाही, तळघरही नाही, आणि मूळ वस्तू सॉससुद्धा नाही! पुढे कुणीतरी मिसेस ग्रेंच्या काकांना काढून टाकलं, लेडींच्या जागी लॉर्ड आणले आणि न्यायाधीशाचा गव्हर्नर केला. चव बिघडून सुधारल्याचा चमत्कारही वर शिंपडला. मिसेस ग्रेंची गोष्ट तरी खरी का? मला तीही दिवाणखान्यातली गप्प वाटते. पण निदान तिच्यातला माणूस कलकत्त्याला जाऊन आलेला आहे.

‘कृती भारतीय’ या दाव्याचं काय? माझ्या फडताळात बाटली आहे, लेबल समोर धरून लिहितो: व्हिनेगर, काकवी, साखर, मीठ, अँकोव्ही, चिंच, कांदा, लसूण, मसाले. यातल्या अँकोव्ही म्हणजे खारवलेले बारके मासे, आपल्या मांदेलीच्या भाऊबंदांतले. चिंच बघून ऊर भरून येतो हे कबूल. शब्दातसुद्धा आपलंच गाव, अरबी ‘तमर हिंदी’, हिंदचा खजूर, म्हणून टॅमरिंड. पण ती युरोपात कित्येक शतकं जात होती, आणि विकली जायची कुठे, तर औषधाच्या दुकानात, पोट साफ होण्यासाठी. ली आणि पेरिन्स औषधविके होते. चिंच त्यांना हाताशी होती, त्यासाठी कुणाला कलकत्त्याहून यायची गरज नव्हती.

बाकीचा ऐवज तर चक्क इंग्रजी आहे. खारवलेल्या अँकोव्हीचा अर्क, अक्रोडाचं केचप, अळंब्यांचं केचप, अँकोव्ही घातलेला हार्वीज सॉस, हे सगळं वूस्टरच्या आधीपासून इंग्लंडातल्या जेवणाच्या टेबलांवर होतं. काळपट, पातळ, आंबट-खारट, थेंबाथेंबाने घ्यायचं. वूस्टर सॉस याच घरातलं शेंडेफळ. पूर्वेचं ऋण शोधायचंच तर ते आणखी मागे सापडेल: ‘केचप’ हा शब्दच आग्नेय आशियातल्या चिनी व्यापाऱ्यांच्या माशांच्या खारवणीवरून इंग्रजीत गेला. त्यात बंगाल शोधणाऱ्याला मी एवढंच विचारीन, मोहरीचा थेंब नसलेली बंगाली कृती तुम्ही कुठे पाहिलीत?

पिंपाची गोष्ट खोटी आहे हे सिद्ध करता येणार नाही, कारण तळघरात तेव्हा आपण कुणी नव्हतो. पण कांदा, लसूण, मासे व्हिनेगरमध्ये महिनोन्‌महिने मुरवणं हा अपघात नव्हे, ती पद्धतच आहे. आजही हा सॉस असाच दीड-दोन वर्षं मुरवतात. लोणचं मुरायला ठेवतो तेव्हा बरणी ‘विसरली’ असं आपण म्हणतो का? शिवाय पिंप भरून माल करणारा दुकानदार तो साफ विसरतो, हे मला पटत नाही. पिंपाला पैसे पडतात.

आता ती जाहिरात, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. अमेरिकी नियतकालिकांत ती वर्षानुवर्षं छापली जायची. मधोमध बाटलीचं चित्र. उजवीकडे सॉस कशाकशावर घालायचा याची यादी: सूप, मासे, गरम आणि थंड मांस, शिकार. खाली न्यूयॉर्कचे आयातदार, जॉन डंकन्स सन्स. आणि डावीकडे, बारीक टायपात, एका पत्रातला उतारा. मद्रासच्या एका डॉक्टराने वूस्टरला आपल्या भावाला मे १८५१ मध्ये लिहिलेलं पत्र: ली आणि पेरिन्स यांना सांग की त्यांच्या सॉसला हिंदुस्थानात फार मान आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांत चविष्ट आणि प्रकृतीला सर्वांत हितकर सॉस आहे.

पत्र खरं की दुकानात बसून लिहिलेलं, हा भाग वेगळा. प्रवासाची दिशा बघा. माल वूस्टरहून मद्रासला निघालाय, आणि मद्रासची शाबासकी न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला दाखवली जातेय. मसाले जिथे पिकतात तिथले साहेबसुद्धा आमचाच सॉस मागतात, हा त्यातला डाव. कृती हिंदुस्थानातून आणली असती, तर अशा जाहिरातीत ते सांगायची संधी त्यांनी सोडली असती? हिंदुस्थान त्यांना हवा होता तो शिफारसपत्रापुरता. ‘हिंदुस्थानी गूढ’ विकलं जातं हे इंग्रज विक्रेत्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पेरलेलं ते गूढ आज आपण तिरंगा लावून पुढे पाठवतोय, म्हणजे जाहिरात अजून चालू आहे, तीही फुकटात.

राहिलं ‘स्वतःच्या नावावर केला’. उलटं झालं. नकला इतक्या निघाल्या की १८७० च्या दशकात ली आणि पेरिन्स यांनी लेबलावर तिरकी सही छापायला सुरुवात केली आणि ‘सही नसेल तर माल खरा नाही’ अशा जाहिराती दिल्या. तरी १८७६ साली लंडनच्या कोर्टाने सांगितलं की ‘वूस्टरशायर सॉस’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही. म्हणून तर आपल्याकडेही कुणालाही तो याच नावाने बनवता येतो. पुढे कंपनी १९३० मध्ये एचपी सॉसवाल्यांकडे गेली आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या हाइन्झकडे. नावावर करणाऱ्यांच्या नावावर तरी काय उरलं!

शेवटचा मुद्दा शाकाहाराचा. भारतात बनणाऱ्या काही बाटल्यांवर हिरवा ठिपका असतो, तो बघून घ्यावा. अस्सल कृतीत मासे आहेत, ते वर लिहिलंच. हे मी ग्रुपवर फोटोसकट टाकलं. काका माळकरी. गेली कित्येक वर्षं ते आमच्याकडे आले की चीज टोस्टवर याच बाटलीतले चार थेंब मागून घेतात. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून नाही.