थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल: 'सगळं एकच' कसं असेल?

काल दुपारी वहिनींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "भावोजी, हे खरं आहे का?" तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय: थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर सगळं एकच, दुकानदार नावं बदलून पैसे काढतात. घरात असेल ते वापरा, फरशीही पेट्रोलने पुसा, उरलेलं बाटलीत भरून ठेवा, आणि मुलाने चुकून प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यापायी पोर दगावू शकतं. रॉकेल किंवा टर्पेंटाइन गिळलं की मोठा धोका फुप्फुसांना असतो. इतकं पातळ द्रव उलटीच्या उबळीत सहज श्वासनलिकेत उतरतं, आत पसरतं आणि फुप्फुसं सुजतात. गिळताना जे टळलं ते उलटी काढून ओढवून घ्यायचं! डॉक्टर ज्याचा आधार घेतात त्या मर्क मॅन्युअलमध्येही अशा वेळी पोट रिकामं करायला जाऊ नये असंच सांगितलंय. शिवाय मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. वहिनी, तसं कधी झालंच तर घशात बोट घालू नका, काही पाजू नका. भिजलेले कपडे काढा, अंग धुवा आणि ती बाटली घेऊन तडक दवाखाना गाठा, पोर खोकत नसलं तरी.

आणि गेट रंगवून उरलेलं टर्पेंटाइन तुम्ही पाण्याच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलंय. दिसायला ते पाणीच. दोन वर्षांच्या पोराला वास येईपर्यंत घोट गेलेला असतो.

'सगळं एकच' म्हणणाऱ्याने टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घ्यावा. ॲसिटोनवाल्या रिमूव्हरचे चार थेंब टाकले की तो चरचरत खाली बसतो आणि चिकट गोळा उरतो. स्पिरिट टाकलं तर तसाच राहतो. ॲसिटोन पाण्यात मिसळून जातं, रॉकेल वर तरंगतं. ॲसिटोन 56 अंशांना उकळतं, टर्पेंटाइनला 150च्या पुढे जावं लागतं. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोजच्या रंगांसाठीचं) तर टोल्युइनसारख्या तीन-चार द्रवांचं मिश्रण. गेटच्या ऑइलपेंटमध्ये ते ओतलं तर खालचा जुना रंग सुरकुत्या पडून उचलला जातो.

पेट्रोलने फरशी पुसा म्हणणाऱ्याची मात्र चीड येते. उणे 40 अंशांच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत सरकत देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचते.

एवढं मान्य करतो, की ब्रशवरचा ओला ऑइलपेंट रॉकेलनेही निघतो. हातावरचा तर गोडेतेल चोळून साबण लावला तरी जातो, तिथे थिनर कशाला?

वहिनी, बाटली माळ्यावर टाकलीत की मला फोन करा.