दूरच्या ओळखींचं काय?

‘मोजक्या विश्वासू माणसांपलीकडचं नेटवर्किंग म्हणजे वेळ घालवणं’ हे व्यवसायातलं नेटवर्किंग, इनोव्हेशन आणि प्रामाणिक मार्केटिंग यांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. जवळच्या माणसांचा आधार असतो, मान्य. पण त्यांना जे माहीत असतं ते बहुतेक वेळा आपल्यालाही आधीच माहीत असतं, कारण सगळे एकाच गोतावळ्यात फिरणारे! समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच हे दाखवलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, तेव्हा नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर लागलेले जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली होती.

माझा लेबलं छापायचा व्यवसाय आहे. शीतगृहातल्या बाटल्यांवरची लेबलं कडांनी सुटायची. भागीदार, पुरवठादार, मित्र, सगळ्यांचा सल्ला एकच: गोंद वाढवा. उत्तर मिळालं ते औषधांच्या कारखान्यातल्या एका बाईंकडून. आमची ओळख म्हणजे वर्षाकाठी एखादा मेसेज, बस. त्या म्हणाल्या, “बाटलीला पाणी सुटल्यावर लेबल लावलंत तर कुठला गोंद धरणार? कोरडी असताना लावा, गोंद पक्का बसू द्या, मग थंड करा.” लेखात ज्याला ‘इनोव्हेशन’ म्हटलंय ते बरेचदा असंच दुसऱ्या धंद्यातून उचललेलं असतं.

लेखातला प्रामाणिक मार्केटिंगचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. ओल्या बाटलीवर आमचं लेबल टिकणार नाही, हे आता ऑर्डर घेतानाच सांगतो. काहीजण त्यावरूनच माघारी फिरतात. जे राहतात त्यांचे तक्रारीचे फोन येत नाहीत.