'देउस' फुटला नव्हता : एक खुलासा

'बेल्जियममधल्या अँटवर्पचा देउस हा रॉक बँड 1999 सालीच फुटला, आता नुसतं नाव चालवतात,' अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

त्यांचा 'द आयडियल क्रॅश' हा अल्बम 1999 मध्ये आला आणि पुढचा स्टुडिओ अल्बम 'पॉकेट रिव्होल्यूशन' थेट 2005 मध्ये. मधली सहा वर्षं मोठी होती हे खरंच. पण त्याच काळात, 2001 मध्ये, त्यांचा निवडक गाण्यांचा संग्रह निघाला. त्याचं नाव 'नो मोअर लाउड म्युझिक'. मला वाटतं, गैरसमजाला या नावानेही हातभार लावला असावा. त्याच संग्रहात 'नथिंग रिअली एंड्स' हे नवं गाणं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही! गायक टॉम बारमन यांनी याच सुमारास एक चित्रपटही केला, तो 2003 मध्ये आला.

माणसं बदलली, हे मान्य. स्टेफ कामिल कार्लेन्स, रूडी ट्रूव्हे लवकरच बाहेर पडले. पण बारमन आणि व्हायोलिनवादक क्लास यान्सून्स 1994 च्या 'वर्स्ट केस सिनॅरिओ' या अल्बमपासून आजतागायत आहेत. त्यांचं 'सड्स अँड सोडा' हे गाणं लावून बघा. सुरुवातीलाच कानात घुसणारं, करवतीसारखं घासत राहणारं ते व्हायोलिन यान्सून्स यांचं. 'नुसतं नाव' म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

2012 च्या 'फॉलोइंग सी'नंतर तर आणखी लांब, अकरा वर्षांचा खंड पडला. तेव्हाही बँड मोडला नाही. 2023 मध्ये 'हाऊ टू रिप्लेस इट' आला.