‘१५ दिवसांनंतर दुखलं म्हणजे ऑपरेशन फसलं’ म्हणे!

व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगण्याचा त्रास. त्यावरचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर तर रोज कुणीतरी टाकतंच. मजकूर थोडक्यात असा: ‘लेझरने २० मिनिटांत काम. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर व्हा. महिनाभर लंगोट घट्ट आवळून ठेवा, दिवसरात्र. १५ दिवसांनंतरही दुखत असेल, हाताला शिरा लागत असतील, तर ऑपरेशन फसलं, दुसरा डॉक्टर गाठा. महिन्याने रिपोर्ट काढा, काउंट दुप्पट.’ खाली सही कुणाची नाही, ‘एका डॉक्टर मित्राकडून’ एवढंच.

मी डॉक्टर नाही, पण हे ऑपरेशन माझं झालेलं आहे आणि हा मेसेज मला चार वेगवेगळ्या लोकांनी काळजीपोटी पाठवलाय. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

लेझर. पायांच्या फुगलेल्या शिरांना लेझर देतात, रीतसर देतात. जाहिरातवाल्यांनी तो शब्द तिथून उचलून इथे चिकटवला. व्हेरिकोसीलसाठी मुख्य मान्य मार्ग दोन. एक, त्या शिरा बांधणं: मायक्रोस्कोपखाली जांघेतल्या छोट्या छेदातून, दुर्बिणीने पोटातून, किंवा जुन्या उघड्या पद्धतीने. दुसरा एम्बोलायझेशन, म्हणजे मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी सरकवून आतूनच शीर बंद करणं. मायक्रोस्कोपला पसंती का? वृषणाला रक्त पुरवणारी धमनी आणि लसीकावाहिन्या नीट ओळखून वाचवता येतात, त्यामुळे त्रास उलटण्याचं आणि अंडकोशात पाणी भरण्याचं प्रमाण सगळ्यात कमी राहतं. एकेक शीर सोडवत जायचं काम २० मिनिटांत उरकत नाही आणि उरकूही नये.

दुसऱ्या दिवशी ड्युटी. घरून लॅपटॉपवर काम असेल तर दोन-तीन दिवसांत बसता येतं. पण ज्याला डोंबिवलीहून सीएसएमटी गाठायचंय त्याची गोष्ट वेगळी. गर्दीत आपण सॅक पुढे घेतो, ती मुंबईची शिस्तच आहे. दादरला लोंढा आत घुसला की तीच सॅक नेमकी टाक्यांवर दाबली जाते, आणि लॅपटॉपचा कोपरा लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. साधारण आठवडाभर तरी लोकल टाळावी. नाहीच जमलं तर गर्दीची वेळ चुकवून जावं आणि सॅक वर रॅकवर टाकावी. खड्ड्यांतून बाईक नकोच. वजन उचलणं, जिम, भरतीचं धावणं यांना दोन ते चार आठवडे सुट्टी, नेमकी किती ते ऑपरेशन करणाऱ्यालाच विचारायचं. आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथलं की टाक्यांवर ताण येतो. हे कुणी सांगत नाही, कारण बोलायला लाज वाटते.

लंगोटाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. आधार हवाच. पण त्याचं काम अंडकोश वर उचलून धरणं, आवळणं नव्हे. काढल्यावर कातडीवर वळ उमटत असतील तर तो जास्त घट्ट झालाय. सुरुवातीचे दोन-तीन दिवस बर्फ लावायचा तर कपड्यात गुंडाळून, एका वेळी १०-१५ मिनिटं. थेट कातडीवर कधीच नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ते १५ दिवस. हा आकडा कुठून आला देव जाणे, पण त्याने बऱ्याच जणांची झोप उडवली आहे.

ऑपरेशननंतर दुखतं ते सगळं एकच दुखणं नसतं. जखमेचं दुखणं आठ-दहा दिवसांत बरंच उतरतं. संध्याकाळी, खूप वेळ उभं राहिल्यावर येणारा ओढल्यासारखा जडपणा मात्र रेंगाळतो. त्याला कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. शिरा बांधल्या म्हणून त्या लगेच नाहीशा होत नाहीत. आत साचलेलं रक्त गोठून त्या काही काळ दोरीसारख्या कडक लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात हाताला गाठी लागल्या म्हणून फसलं म्हणणं चूक. रोज चाचपून बघायची सवय तर मुळीच नको, त्यानेच दुखणं वाढतं. तिसरा प्रकार म्हणजे मांडीच्या आतल्या बाजूला झिणझिण्या, चमक किंवा बधिरपणा. छेदाजवळून जाणाऱ्या नसा दुखावल्याची ही खूण. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. राहिलंच तर नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, साध्या वेदनाशामकाने भागत नाही.

दुखण्यासाठी ऑपरेशन केलेल्यांपैकी बहुतेकांना आराम पडतो, पण थोड्यांचं दुखणं उरतं, हे खरं आहे आणि ते आधीच सांगायला हवं. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर युरोलॉजिस्टकडे जाऊन डॉपलर सोनोग्राफी करावी. शिरा पुन्हा फुगल्या आहेत का, पाणी भरलंय का, ते कळतं. दोन्ही नसेल तर दुखण्याचा उगम कदाचित तिथे नव्हताच. मूतखडा, हर्निया, कंबर, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, सगळ्यांची कळ वृषणात उतरू शकते. त्यासाठी पाच आकडी पॅकेज लागत नाही. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांतही युरोलॉजीची ओपीडी आहे. रांग लांब असते, जुने कागद आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन जा.

थांबायचं नाही अशाही गोष्टी आहेत. ताप, जखमेतून पू, बघता बघता वाढणारी सूज, अचानक उठलेली असह्य कळ. यात तीन महिने सोडा, तीन तासही वाट बघू नये. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

राहिला काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर पुढच्या प्रवासाचे काही दिवस. म्हणजे महिन्याने काढलेल्या रिपोर्टात दिसतो तो ऑपरेशनच्या आधी सुरू झालेला माल! पहिली तपासणी तीन महिन्यांनी, पुढची सहा महिन्यांच्या सुमारास, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलनाला खंड देऊन. सुधारणा बऱ्याच जणांत दिसते, सगळ्यांत नाही, आणि ‘दुप्पट’ची हमी कुणीच देऊ शकत नाही. महिन्याचा रिपोर्ट हातात धरून घरात कुणी नाराज बसलं असेल तर त्यांना एवढंच सांगा, अजून तपासणीची वेळच झालेली नाही.